आधी बोट टोचा : फॅमिली डॉक्टरांना आणि आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व जनरल प्रॅक्टिशनर, प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

डॉक्टरसाहेब, डॉक्टरबाई, नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बारा वर्षं झाली. सकाळी सातला शटर वर जायच्या आधीच उपाशीपोटी शुगर द्यायला आलेली माणसं पायरीवर बसलेली असतात. रोज पन्नास-साठ जणांचं रक्त माझ्या हातून घेतलं जातं. आणि माझ्या स्वतःच्या सासूबाईंचं बोट टोचायला नववा दिवस उजाडला. तेही मी टोचलं नाही, दुसऱ्याच कुणीतरी टोचलं. ते नऊ दिवस कसे गेले ते मला तुम्हाला सांगायचं आहे, कारण तसे दिवस आज कुणाच्या तरी घरी चालू असणार.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय अडुसष्ट. गावी मामांजवळ, म्हणजे माझ्या सासऱ्यांजवळ, धाकट्या दिरांच्या घरी असतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोमवारी सकाळी भाकरी थापताना काठवटीची कड धरलेला त्यांचा डावा हात सुटायला लागला. बोटं आपोआप वळायची, पुन्हा उघडायची. दुसऱ्या दिवशी अख्खा हात खांद्यापासून फेकला जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी डावा पायही. शुद्ध पूर्ण जाग्यावर होती, बोलणं साफ होतं, चेहरा वाकडा नव्हता. जाऊबाईंना म्हणाल्या, “अगं, ह्यो हात माझा हाय का कुणाचा, सांगितल्यालं ऐकतच न्हाई.” उजव्या हातानं डावा हात मांडीखाली दाबून बसायच्या, तर तो मांडी उचलून बाहेर यायचा.

त्या हातात काचेचा हिरवा चुडा होता. दिवसभर त्याचा आवाज. जाऊबाई फोनवर बोलायच्या तेव्हा मागे तोच आवाज मला ऐकू यायचा. चौथ्या दिवशी हात चौकटीवर आपटून सगळ्या बांगड्या फुटल्या आणि मनगटाला जखम झाली. सवाशिणीचा चुडा असा फुटला म्हटल्यावर घरात काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्ही गावात दवाखाना चालवत असाल तर मी सांगायला नको. पण रात्री आत्यांना झोप लागली की हात-पाय एकदम शांत व्हायचे. यावरून शेजारच्या बाईंनी निष्कर्ष काढला की नाटक आहे. खरा आजार असता तर झोपेत कसा गेला असता?

आता डॉक्टरांकडे येते. ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्या कुणाचंही नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एकेका माणसाचा नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत फेकणं वाढलं. सलाईनची ती रिकामी बाटली दिरांनी डाळिंबाच्या रोपाला ठिबक करायला घरी आणली होती. मी गेले तेव्हा ती रोपाशी उलटी टांगलेली होती. लेबल पाहिलं : डेक्स्ट्रोज 5 टक्के, 500 मिली. म्हणजे सरळ शिरेतून 25 ग्रॅम ग्लुकोज. पाहिलं आणि पुढे गेले. त्या दिवशी माझ्याही डोक्यात काही पेटलं नाही.

पाचव्या दिवशी दुसरे डॉक्टर म्हणाले फिट आहे. फिटचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, काही फरक पडला नाही. सहाव्या दिवशी दीर देवऋषाकडे घेऊन गेले. मी अडवलं नाही, याची मला लाज वाटते. सातव्या दिवशी जिल्ह्याच्या गावी सेंटरवर सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला आत खोल पांढरा डाग होता आणि रिपोर्टात रक्तस्रावाची शक्यता लिहिली होती. आठवा दिवस पैशांच्या जुळवाजुळवीत आणि पुण्याला कुणाची ओळख आहे का ते शोधण्यात गेला. नवव्या दिवशी रात्री आत्या कॉटवरून पडल्या, म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या रात्रपाळीच्या सिस्टरनी आत्यांना एकदा पाहिलं, सुकलेली जीभ पाहिली, आणि कुणाला न विचारता ग्लुकोमीटर काढला. मला हात धरायला लावला. लॅन्सेट मारली, पहिला थेंब कापसानं पुसला, दुसरा पट्टीला लावला. मशिनवर आकडा आलाच नाही. ‘एच’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरं आली. बहुतेक मशिनवर साखर 600 च्या वर गेली की ही अक्षरं येतात. मी हे रोज पेशंटना समजावून सांगते. करड्या झाकणाची ट्यूब लॅबला गेली, रिपोर्ट आला 634. लघवीत कीटोन, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ, नव्हते. तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, 14.1.

माझ्या पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. पाचव्या दिवसापासून. आत्यांच्या कॉटच्या खिळ्याला ती पर्स अडकवलेली होती.

आत्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह होता. चार महिन्यांपूर्वी त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, कुणीतरी सांगितलं की गोळ्यांनी किडनी खराब होते. रात्री चार-पाच वेळा उठायच्या, पाण्याचा तांब्या उशाशी असायचा, चोळी सैल झाली होती. हे सगळं समोर होतं. पण हात फेकला जातोय म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी मेंदूकडे बघितलं, शिरांकडे बघितलं, देवाकडे बघितलं. साखरेकडे कुणीच बघितलं नाही. साखरेचा आणि हात उडण्याचा संबंध आमच्या कुणाच्याच मनात नव्हता. मधुमेहानं डोळे जातात, किडनी जाते, पायाला जखम होते, हे आता गावातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. पण अंगाची एक बाजू नाचायला लागते, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बारा वर्षं साखर मोजणाऱ्या मलासुद्धा नाही.

वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी मग मला बसवून नीट समजावलं. पुढे मी स्वतः वाचत गेले. तुमच्यातल्या अनेकांना यातलं बरंच माहीत असेल. तरी लिहिते, कारण ज्यांनी आत्यांना तपासलं ते सगळे शिकलेलेच होते.

या अवस्थेला डायबेटिक स्ट्रायटोपथी म्हणतात. एका बाजूच्या नाचऱ्या हालचालीला हेमिकोरिया आणि जोरात फेकण्याला हेमिबॅलिझम. 1960 साली बेडवेल यांनी वैद्यकीय नियतकालिकात साखरेचा आणि या हालचालींचा संबंध नोंदवला. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, साठ वर्षांहून जुनी आहे. अचानक सुरू होणाऱ्या अशा एकांगी नाचऱ्या हालचालींचं पहिलं कारण पक्षाघात, आणि त्याच्या खालोखाल कीटोन नसलेली वाढलेली साखर. जगभरच्या नोंदींत उतारवयातल्या बायका जास्त दिसतात, आणि आशियातले रुग्ण जास्त. साखर बहुधा 400-500 च्या घरात असते, एचबीए1सी 12-13 च्या पुढे. काही जणांना तर आपल्याला मधुमेह आहे हेच या हालचालीमुळे पहिल्यांदा कळतं. म्हणून “तुम्हाला शुगर आहे का?” या प्रश्नाला “नाही” असं उत्तर आलं, तरी त्यावर थांबू नका.

हे नेमकं कशानं होतं, याची पक्की उकल शास्त्रज्ञांना अजून झालेली नाही. एक स्पष्टीकरण मला पटलं ते सांगते. मेंदूत खोलवर पुटामेन आणि कॉडेट नावाचे भाग असतात. नको त्या हालचालींना आवर घालणाऱ्या यंत्रणेतले ते महत्त्वाचे दुवे. हा आवर ज्या रसायनावर चालतो त्याचं नाव गाबा. साखर फार वाढली की पेशींचा नेहमीचा इंधनमार्ग मंदावतो आणि मेंदू हे गाबाच इंधनासारखं वापरायला लागतो. कीटोन असते तर त्यांच्यापासून गाबा पुन्हा तयार होऊ शकलं असतं. इथे तेही नसतात. लगाम सुटतो. शिवाय रक्त दाट झालेलं, बारीक वाहिन्यांतला प्रवाह मंदावलेला. उजवीकडच्या पुटामेनवर परिणाम झाला की डावी बाजू नाचते. आणि झोपेत या हालचाली थांबतात, हा तर या प्रकारच्या आजारांचा गुणधर्मच. ज्या गोष्टीवरून शेजारीण आत्यांना नाटकी म्हणाली, त्याच गोष्टीवरून डॉक्टरबाईंना आजाराची दिशा कळली.

स्कॅनवरचा तो पांढरा डाग याचाच होता, रक्तस्रावाचा नव्हता. डॉक्टरबाईंनी फिल्म दिव्यासमोर धरून दाखवलं : डाग पुटामेनच्या आकारातच बसलेला आहे, कड ओलांडून पसरलेला नाही, भोवती सूज नाही, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नाही. नंतरच्या एमआरआयमध्ये, टी-वन चित्रात, तोच भाग लख्ख उजळलेला दिसला. रेडिओलॉजिस्टना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे आलेल्या चिठ्ठीवर “डाव्या बाजूचा अशक्तपणा” एवढंच लिहिलेलं होतं. हात अशक्त नव्हता, अनावर होता. आणि साखरेचा आकडा चिठ्ठीवर नव्हता, कारण तो कुणी काढलाच नव्हता. तो आकडा तिथे असता तर रिपोर्ट वेगळा आला असता, असं मला मनापासून वाटतं.

उपचार काय झाले? साधं नॉर्मल सलाईन, इन्शुलिन, दर तासाला साखर, पोटॅशियमवर नजर. साखर एकदम खाली ओढायची नाही, हे सिस्टरनी मला दोनदा सांगितलं. हालचाल आवरायला थोडे दिवस हॅलोपेरिडॉलची छोटी गोळी. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी फेकणं ओसरलं, नुसती बोटांची चुळबुळ राहिली. अठराव्या दिवशी तीही थांबली. सगळ्यांचं एवढ्या लवकर आवरत नाही. काहींना महिने लागतात, काहींची हालचाल थोडीफार राहते. पण बहुतेकांना साखर ताब्यात आली की बरं वाटतं. अंगाची एक बाजू वाऱ्यावर सोडल्यासारखी झालेलं माणूस इन्शुलिन आणि पाण्यावर पुन्हा उभं राहतं, असे आजार किती असतील? म्हणून तर जीव तुटतो. आत्यांचे नऊ दिवस एका पट्टीसाठी गेले, जी पट्टी वीसेक रुपयांना मिळते.

माझं तुमच्याकडे मागणं एकच आहे. कुणाचाही हात, पाय, तोंड आपोआप हलतंय, उडतंय, आखडतंय, असं घेऊन माणूस तुमच्या दारात आलं, तर पेन उचलायच्या आधी त्याचं बोट टोचा. वय कितीही असो, मधुमेह ठाऊक असो वा नसो. सलाईन लावायच्या आधी टोचा. हे मी हात जोडून सांगते, कारण आपल्याकडे सलाईन हा अर्धा उपचार आणि अर्धा दिलासा असतो, पेशंटच मागून घेतो, आणि हाताशी येईल ती बाटली लागते. साखर खूप कमी झाल्यामुळेही क्वचित अशाच हालचाली होतात. तेव्हा तीच डेक्स्ट्रोजची बाटली जीव वाचवते. एकीला औषध ती दुसरीला घातक, आणि दोघींत फरक सांगणारं तुमच्या टेबलावर एकच मशिन आहे.

फिटचंही तसंच. साखर वाढल्यावर खऱ्या फिट्सही येतात. एकाच हाताला किंवा तोंडाच्या एका बाजूला तासन्‌तास, दिवसेंदिवस झटके येत राहतात. या फिट्स नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, साखर उतरली की थांबतात. त्यातून फेनिटॉइन या फिटच्या नेहमीच्या औषधानं शरीरात इन्शुलिन कमी स्रवतं आणि साखर आणखी वाढू शकते. म्हणजे इंजेक्शन द्यायच्या आधीसुद्धा बोटच.

लॅबमधली बाई म्हणून आणखी एक सांगते. बोट टोचून 150 आली म्हणून निश्चिंत होऊ नका. साखर ताब्यात आल्यावर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीसुद्धा ही हालचाल सुरू झालेली रुग्णं आहेत. माणूस दोन दिवस गोळ्या घेऊनही आलेलं असतं. तेव्हा सोबत एक ट्यूब एचबीए1सीचीही काढायला सांगा. आजचा आकडा फसवेल, तीन महिन्यांचा सहसा फसवत नाही. आणि स्कॅन करू नका असं माझं म्हणणं मुळीच नाही. पक्षाघात हे पहिलं कारण आहेच, तो वगळायलाच हवा. फक्त स्कॅनच्या चिठ्ठीवर साखरेचा आकडा लिहा, आणि “अनैच्छिक हालचाल” हे दोन शब्द.

आता आरोग्य विभागाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी म्हणून आशाताई घरोघर फॉर्म भरतात, कंबर मोजतात, तंबाखू-दारू विचारतात. हे काम मी जवळून पाहिलं आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. उपकेंद्रावर ग्लुकोमीटर आहे, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. म्हणजे साधन पोचलेलं आहे. ते कधी उचलायचं, यातली एक ओळ पोचलेली नाही. आशाताईंच्या, आरोग्य सेविकांच्या आणि 108 च्या डॉक्टरांच्या पुढच्या प्रशिक्षणात ती ओळ घाला : “एका बाजूचे हात-पाय आपोआप हलत असतील तर लगेच साखर तपासा.” मधुमेहाच्या भित्तीपत्रकावर डोळा, किडनी आणि पाऊल यांच्या चित्रांशेजारी एका हलणाऱ्या हाताचं चित्र घाला. आमच्याकडे अनेक आत्यांना वाचता येत नाही, पण चित्र कळतं. आणि पट्ट्या संपू देऊ नका. मशिन आहे आणि पट्ट्या नाहीत, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

आणि डॉक्टर, गोळ्या बंद केल्या म्हणून आत्यांवर कुणी ओरडलं की त्या खाली मान घालतात. किडनी गोळ्यांनी खराब होत नाही, वाढलेल्या साखरेनं होते, हे त्यांना अकरा वर्षांत कुणी दोन मिनिटं बसून सांगितलं नव्हतं. मीही नाही. तुमच्यासमोरच्या रांगेत शंभर माणसं असतात हे मला ठाऊक आहे, माझ्याही समोर असतात. तरी म्हातारी बाई कुरकुरली की “होतं या वयात” म्हणून पुढची चिठ्ठी ओढली जाते. आत्यांनी तिसऱ्याच दिवशी पहिल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, “लई तहान लागतीया.” मी तेव्हा तिथे नव्हते, जाऊबाईंनी नंतर सांगितलं. ते वाक्य त्या खोलीत बोललं गेलं होतं आणि तिथेच राहिलं.

आत्या आता बऱ्या आहेत. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन मामा टोचतात, ते शिकून घेतलं त्यांनी. भाकरी त्याच थापतात. मनगटावरचा काचेचा व्रण आहे, त्यावर नवा चुडा आहे. दर महिन्याला लॅबमध्ये येतात आणि बोट पुढे करतात, तेव्हा मी मशिनवरचा आकडा वाचायच्या आधी त्यांच्या डाव्या हाताकडे बघते. सवयच लागली आहे.

गेल्या सहा महिन्यांत मी लॅबच्या काउंटरवर एक वही ठेवली आहे. हात-पाय हलतात, उडतात अशी तक्रार घेऊन दुसऱ्याच कसल्या तपासणीला आलेल्या माणसाची रँडम शुगर मी आमच्या सरांना विचारून फुकट करते आणि तिच्यात लिहून ठेवते. अशी अकरा माणसं आली. नऊ जणांची साखर ठीक होती. त्यांचं कारण वेगळं निघालं किंवा शोधणं चालू आहे. दोघींची नव्हती. त्यातली एक बाजारात भाजी विकणारी बाई, वय पंचावन्नच्या आसपास, उजवा हात चार दिवसांपासून उडत होता, तिला थायरॉइडच्या तपासणीला पाठवलं होतं. बोट टोचलं तर 512. मधुमेह असल्याचं तिला माहीतच नव्हतं. त्याच दुपारी तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं, सोबत मी लिहिलेली चिठ्ठी दिली. पंधरा दिवसांनी ती कोथिंबिरीची जुडी घेऊन लॅबच्या पायरीवर आली, जुडी उजव्या हातात धरून.

तुमच्यापैकी कुणाला ती वही पाहायची असेल तर नावं झाकून दाखवायला मी तयार आहे. प्रशिक्षणाला कुणी बोलावलं तर रजा टाकून येईन, ग्लुकोमीटर घेऊन.

आपली विश्वासू,
एक लॅब टेक्निशियन,
सोलापूर जिल्हा